पातं जागचं हलत नाही

मी विळी. कोळ्यांच्या घरातली, म्हणून आमच्याकडे मला मोरळी म्हणतात. माझ्या फळीवर कुणी पाय ठेवल्याशिवाय मी कामाला लागत नाही, आणि आज मात्र आपणहून बोलायला बसलेय. गेल्या दसऱ्यापासून छातीवरचं मोठं ओझं उतरलंय, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. फार लांबण लावणार नाही. तो माझा स्वभाव नाही.

माझा जन्म मोहन्याचा. तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात माल नेणारी एक लॉरी मोडीत निघाली, तिच्या पोलादी पाट्यातून परशुराम लोहाराने माझं पातं ठोकून काढलं. फळी बाभळीची, चांगली जाडजूड. कोपरच्या खाडीत होडी घालणाऱ्या गोमाजीने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायकोसाठी मला करून घेतलं आणि सायकलला बांधून घरी आणलं. बायकोचं नाव चंद्रभागा. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं, अंगठ्याने धार तपासली आणि म्हणाली, "बरी हाय." पुढच्या चाळीस वर्षांत याहून मोठं कौतुक तिने माझं केलं नाही, आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

तुम्ही फ्लॅटमधली माणसं सुरीने कापता. ओट्याशी उभं राहायचं, वस्तू पाटावर ठेवायची आणि सुरी पुढेमागे करायची. माझं सगळं उलटं. खाली बसायचं, एका पायाने फळी दाबून धरायची, मासा दोन्ही हातांत घ्यायचा आणि तो पात्याकडे आणायचा. मासा हलतो, पातं जागचं हलत नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण शिकलेल्या माणसांच्या ध्यानात हे आलं नाही आणि त्यापायी आमच्या घराने एक महिना उगाच रडून काढला.

डोंबिवली पश्चिमेच्या मासळी बाजारात चंद्रभागेची जागा होती. सकाळी सातला आम्ही दोघी तिथे हजर. माणसं मी तिथेच ओळखायला शिकले. मुंडकं उडवताना तोंड फिरवणारे लोक कालवणासाठी तेच मुंडकं आठवणीने मागून घेतात. काही पुरुष घरी फोन लावून विचारतात, "अगं, तुकडे केवढे?" आणि पलीकडून काय ते कळायच्या आत चंद्रभागेचे तुकडे पडलेले असायचे. ती माझ्याकडे बघतसुद्धा नसे. बघायची गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे, बोलायची शेजारणीशी, आणि हात आपले चालू. मला वाटायचं, अक्कल हातात असते. इतकी वर्षं मी तेच समजत होते.

वैशाखातल्या एका सकाळी ती रावस कापत होती. निम्मा मासा कापून झाला आणि फळीवरचा तिचा पाय सुटला. चाळीस वर्षांत काम चालू असताना तो पाय कधी सुटला नव्हता, म्हणून बाजारात कुणाला काही कळायच्या आत मला कळलं. मग तिचा उजवा हात घसरला, तोंड वाकडं झालं आणि ती शेजारणीच्या अंगावर कलंडली. तिला रिक्षात घालून नेलं. शेजारणीने मला धुतलं आणि संध्याकाळी घरी पोचवलं.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. बारा दिवस ती ठाण्याला दवाखान्यात होती. परत आली तेव्हा चालत आली, एका बाजूने गोमाजीचा आणि दुसऱ्या बाजूने सून दक्षताचा आधार घेऊन. उजव्या हातात ताकद हळूहळू येत होती. बोलणं तुटक, एकदोन शब्दांचं. पण घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही.

तो आनंद एक रात्र टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षताने पेस्ट लावून ब्रश तिच्या हातात दिला, तर तिने तो केसांवरून फिरवला. दक्षताला आधी हसू आलं, मग ती घाबरली. दुपारी चंद्रभागेने फणी घेऊन चहा ढवळला. कुलपाला किल्ली लावायला सांगितली, तर किल्ली कुलपाच्या पाठीवर दाबत बसली. गंमत म्हणजे तिला ओळख होती. फणी दाखवून "हे काय?" विचारलं की ती म्हणायची, "फनी." "कशाला?" "केस." आणि तीच फणी हातात दिली की हात गोंधळून हवेत थांबायचा. तिचं तिलाही ते कळायचं. हात खाली ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

आळीतल्या बायका भेटायला येऊन जायच्या आणि बाहेर ओट्यावर कुजबुजायच्या, की म्हातारीचं डोकं फिरलं. गोमाजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि जाळं घेऊन बसायचा.

आषाढात मैथिली यायला लागली. ती वर्तकनगरची. आजारातून उठलेल्या माणसांना रोजची कामं पुन्हा शिकवायची, हा तिचा व्यवसाय. आठवड्यातून दोनदा पाठीवर मोठी पिशवी घेऊन यायची, आल्याबरोबर स्वतः तांब्याभर पाणी मागून प्यायची, आणि चंद्रभागेला "मावशी" म्हणायची. मला ती आवडली. बोलायची हळू, आणि उत्तराची वाट बघायची. घाई न करणारं माणूस आमच्या बाजारात विरळाच.

पहिल्याच दिवशी तिने दक्षताला समजावलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते, सगळं ऐकत होते.

"मावशींना वेड लागलेलं नाहीये, आणि हातही बरा होतोय," ती म्हणाली. "ढोबळ सांगते हं. फणीचं नाव मेंदूत एकीकडे असतं. ती कशासाठी वापरायची हे दुसरीकडे. आणि ती कशी धरायची, हात कुठल्या दिशेने न्यायचा, किती जोर लावायचा, हे सगळं आणखी एकीकडे. आपण वस्तू नुसती पाहिली तरी मेंदू ती हालचाल तयार ठेवतो. यांच्या मेंदूत नेमक्या त्या भागाला रक्त मिळालं नाही. नाव आहे, उपयोग माहितीये, पण हाताला निरोप चुकीचा जातो."

"म्हणजे आई विसरलेल्या नाहीयेत?"

"विसरण्यापेक्षा वेगळं आहे ते. किती शिल्लक आहे, तेच आपल्याला शोधायचंय."

म्हणजे अक्कल हातात नव्हतीच, डोक्यात होती. चाळीस वर्षं मी हाताला शाबासकी देत राहिले! पण त्या दिवशी मला धीर आला. किती शिल्लक आहे ते शोधायचं, हे बोलणं मला पटलं.

इकडे बाजारात चंद्रभागेची जागा रिकामी होती. आमच्या बाजारात जागा रिकामी ठेवत नाहीत, पण बायकांनी तिच्याखातर दसऱ्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. श्रावण, गणपती, नवरात्र, या दिवसांत तसंही गिऱ्हाईक कमीच. दसरा झाला की मात्र तिथे कुणीतरी बसायला हवं. चंद्रभागेच्या बहिणीची मुलगी संचिता तयार होती. पोरगी चांगली, कष्टाळू. जागेबरोबर मीही तिच्याकडे जाणार, असं दक्षता आणि तिचा नवरा दर्शन यांनी ठरवलं. चंद्रभागेला कुणी विचारलं नाही. विचारून ती काय सांगणार, असं त्यांना वाटलं असेल. मला राग आला. संचिताचा नाही, त्या न विचारण्याचा.

श्रावणात ती सुरीची गोष्ट झाली.

मैथिलीने पिशवीतून एक बोथट सुरी काढली. आधी नुसतं म्हणाली, "मावशी, समजा हातात सुरी आहे. कापून दाखवा." चंद्रभागा तिच्याकडे बघत राहिली. मग मैथिलीने खरी सुरी तिच्या हातात दिली, पुढ्यात केळं ठेवलं. चंद्रभागेने सुरीकडे बघितलं. केळ्याकडे बघितलं. मग खुर्चीतून घसरत खाली जमिनीवर बसली, सुरीची मूठ पायाखाली घेतली, पातं वर उभं धरायची खटपट केली, आणि केळं दोन्ही हातांत धरून त्या पात्याकडे न्यायला लागली.

मी दारातून बघत होते. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते, की बाईला येतंय! सगळं येतंय! तुम्ही तिला वस्तू चुकीची दिलीत!

पण दक्षताच ओरडली. "आई! सुरीवर पाय काय देताय!" तिने झडप घालून सुरी काढून घेतली. ती घाबरलेली, तिचं तरी काय चुकलं? ती बालवाडीत शिकवते, लहानपण फ्लॅटमध्ये गेलेलं, मासे तिला कायम सासूच्या हातचे कापलेले मिळाले. तिच्या घरात मी होते, पण माझ्यावर ती कधी बसली नव्हती. मैथिलीने वहीत लिहिलं, आणि लिहिताना हळू आवाजात बोललीही, "वस्तूचा वापर पूर्ण चुकीचा. धारदार गोष्टी लांब ठेवा."

चंद्रभागा केळं हातात घेऊन तशीच बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दवाखान्यातून आल्यापासून ती रडली नव्हती.

त्याच संध्याकाळी मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून सिलिंडरच्या मागे सरकवलं. गोमाजी खाडीवरून आला तेव्हा दक्षताने त्याला एवढंच सांगितलं, "बाबा, आईंनी आज सुरीवर पाय दिला. मॅडम म्हणाल्या, कापायचं जमणार नाही." त्याने मान हलवली आणि जाळं खुंटीला अडकवलं. मी मात्र त्या अंधारात आतल्या आत धुमसत होते. हातून काही होत नसताना खरं काय ते माहीत असणं फार वाईट.

गणपती आले, गेले. भाद्रपदातल्या एका बुधवारी मैथिली आली होती आणि गोमाजी खाडीतून चार बोईट घेऊन आला. आता खाडीत पूर्वीसारखं मिळत नाही, त्यामुळे चार बोईट म्हणजे घरात सण. त्याने पाटी दक्षतापुढे ठेवली.

"कापून टाक गो पोरी."

"बाबा, मला कुठे येतं? बाजारातून कापून आणायला हवं होतं."

"एवढ्यासाठी बाजार कशाला?"

मग दक्षता सुरी आणि पाट घेऊन हॉलमध्येच जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली. म्हणजे सासूवर लक्ष राहील. पहिला बोईट तिच्या हातून दोनदा निसटला. खवले निघेनात. सुरी पाठीवरून घसरली आणि मासा फरशीवर गेला. मला लुगड्यातून दिसत काही नव्हतं, पण आवाजावरून मला सगळं कळत होतं, आणि लाज वाटत होती.

मग गोमाजीचा आवाज आला. हळू, पण वेगळाच.

"ताई. तिच्या पायाकडं बघा."

रात्री दक्षताने दर्शनला सांगितलं तेव्हा मला कळलं, की खुर्चीत बसलेल्या चंद्रभागेने उजवी चप्पल काढून टाकली होती. पायाची बोटं फरशीवर घट्ट दाबलेली. आणि मांडीवरचे दोन्ही हात, मुठी अर्धवट मिटून, पुढे जात होते, मागे येत होते. पुढे, मागे. सुनेचा मासा घसरला की तिचे हात थांबायचे आणि कपाळाला आठी पडायची.

मैथिली उठून उभी राहिली. "काका, मावशी सुरीने कापायच्या का कधी?"

"सुरीन?" गोमाजी म्हणाला. "उभ्या जन्मात नाय. सुरी आमच्यात कुनाला लागतं? मोरलीवर बसायची ती. पाय फलीवर, म्हावरा दोन हातांत."

मैथिलीच्या वहीची पानं भराभर उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "अहो, त्या दिवशी यांनी सुरी पायाखाली घेतली. केळं पात्याकडे नेलं. मी त्याला चूक म्हटलं. यांनी मला करून दाखवलं होतं आणि मला दिसलं नाही."

"आणि मी ओरडले," दक्षता म्हणाली.

"ती विळी कुठेय?"

आता मला खरी भीती वाटली. तोवर कुणीतरी मला बाहेर काढावं म्हणून मी तळमळत होते, आणि दक्षताचे हात लुगडं सोडायला लागले तसं माझ्या लक्षात आलं, की माझी धार तशीच आहे. परशुरामाने केलेली. चुकून हात आडवा गेला तर मी थांबू शकणार नाही. थांबणं माझ्या हातात नाही. मैथिलीलाही तेच वाटत असणार. तिने आधी पात्यावर जाड फडकं गुंडाळून मला जमिनीवर ठेवलं, स्वतः चंद्रभागेच्या उजव्या हाताशी बसली. गोमाजी डाव्या बाजूला बसला. दक्षता दाराला टेकून उभी राहिली. तिला बघवत नव्हतं आणि जाताही येत नव्हतं.

चंद्रभागा खुर्चीतून खाली उतरली. पाटावर बसली. "नमस्कार करून दाखवा" म्हणून मैथिलीने दोन महिने सांगितलं होतं आणि तिला ते एकदाही जमलं नव्हतं. पण तिने वाकून माझ्या फळीला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली, रोज बाजारात बसताना करायची तसं. कुणी सांगितलं नव्हतं. मग पाय ठेवला.

तो पाय! चार महिन्यांनी. जरा हलका होता, थोडा थरथरत होता. पण तोच होता.

तिने पात्यावरच्या फडक्याकडे पाहिलं, मैथिलीकडे पाहिलं, आणि फडकं ओढून काढून बाजूला टाकलं. मैथिलीचा हात पुढे गेला. गोमाजी म्हणाला, "ऱ्हाऊं द्या, ताई." तो हात अर्ध्यावर थांबला, पण मागे गेला नाही.

बोईट हातात आला. चंद्रभागेने तो एकदा उलटा धरला, थांबली. मला वाटलं, गेलं. मग तिच्या बोटांनी शेपटी शोधली, मासा फिरवला, आणि खवले उडायला लागले. फरशीवर, मैथिलीच्या ओढणीवर, गोमाजीच्या मिशीवर. पर कापले. मासा माझ्याकडे आला, मागे गेला, परत आला, आणि मुंडकं खाली पडलं. एका झटक्यात. पोट साफ झालं. तुकडे पडले, तिच्या नेहमीच्या मापाचे. बोटं दहाच्या दहा जागेवर होती. मी मोजली, तुम्ही कुणी मोजली नसतील तर.

चंद्रभागेने मान वर केली आणि आजारपणानंतरचं पहिलं अख्खं वाक्य बोलली. तेही सुनेला रागावून.

"सुरीन काय खरडतंस? पाय मोरलीला, नि दोन हात म्हावऱ्याला."

दक्षता हसायला लागली आणि हसता हसता दारातच खाली बसून रडायला लागली. गोमाजी तोंड पुसायला मोरीत गेला आणि बराच वेळ परत आला नाही. मला इतकं हलकं वाटलं, की काय सांगू. मी लोखंडाची आहे, माझ्यावर पाणी राहू देऊ नये, पण त्या दिवशी मला पुसायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि माझी काही तक्रार नव्हती.

मैथिलीने वहीतलं ते पान खोडलं. दक्षताला म्हणाली, "मी माझ्या पिशवीतल्या वस्तूंनी मावशींना तपासत होते. त्यांच्या घरातल्या वस्तू मी विचारल्याच नाहीत." मग तिने सगळ्या गोष्टींची विचारपूस सुरू केली. ब्रशचं विचारल्यावर दक्षताने कपाळावर हात मारला. "अहो मॅडम, आई तर बोटाने मशेरी लावायच्या! ब्रश मीच आणलेला, दवाखान्यातून आल्यावर." मशेरीचं नाव काढताच मैथिलीने नाक मुरडलं, पण मागच्या दारी, नळाशी, बोटावर दंतमंजन दिलं तर चंद्रभागेने दात स्वच्छ घासले.

सगळंच सुटलं असं नाही. फणी अजून तिला हुलकावणी देते. कुलूप दर्शनच लावतो. दमली की हात पुन्हा गोंधळतात, आणि मग काम थांबवायचं, असा मैथिलीचा सक्त नियम आहे. पण नवरात्र संपेपर्यंत रोज दुपारी, कुणीतरी जवळ बसलेलं असताना, ती माझ्यावर बसत राहिली. आधी भोपळा, मग बोंबील, मग सुरमई.

संचिता ठरल्याप्रमाणे दसऱ्यानंतर आली. मला न्यायला रिकामी पिशवी घेऊनच आली होती. चंद्रभागेने तिच्या हातातून पिशवी घेतली, मला स्वतः आत ठेवलं, आणि तिच्याबरोबर रिक्षात बसली. आता जागेवर दोघी बसतात. बोलणं, वजन, हिशेब संचिता बघते. कापायचं काम सकाळी दोन तास चंद्रभागेचं.

तर असं माझं चाललंय. धार थोडी झिजलीय, फळीला एक चीर आहे, बाकी ठीक. जाता जाता एकच मागते. तुमच्या घरात कुणाचे हात असे अडले असतील तर "करून दाखव" म्हणून त्यांना घेरू नका. ज्या वस्तूबरोबर त्यांचा जन्म गेला ती शोधून आणा, त्यांच्यासमोर ठेवा, शेजारी बसा आणि वाट बघा. ते जे काही करतील ते चूक म्हणून लिहिण्याआधी एकदा त्यांच्या पायाकडेही बघा.

गेल्या रविवारी मैथिली बाजारात आली. गर्दी होती. चंद्रभागेच्या हातात पापलेट होतं, पुढे पाच गिऱ्हाइकं. मैथिली वही काढून वाकली आणि सवयीने म्हणाली, "मावशी, जरा हात वर करून टाटा करून दाखवता?"

चंद्रभागेने मान वर केली नाही.

"आथा नको," ती म्हणाली. "मी कामात हाय."

मैथिलीने वही पिशवीत टाकली आणि रांगेत मागे जाऊन उभी राहिली.